ग्रीबचा नाच आणि बेसनाचे लाडू

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. बहिणीला ठाऊक नाही — आणि तिला तर माझं खरं वजनसुद्धा ठाऊक आहे. तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही आईंना ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर पहिल्या वाक्यालाच त्यांच्या बाजूने झाला असतात. सगळेच होतात.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, नाशिकच्या. आम्ही ऑकलंडला येऊन फार दिवस झाले नव्हते. भारतात फोन करायला कॉलिंग कार्ड खरवडावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. बॉटनी डाउन्सला भाड्याचं घर होतं आणि पापाकुराच्या एका फार्मसीत मला नोकरी लागली होती. त्या वर्षी आई पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या. आल्या त्या दोन गोष्टी घेऊन — खणखणीत आवाज आणि गळ्यात जुनी जड दुर्बीण. पक्ष्यांचं त्यांना भलतं वेड. दर थंडीत मैत्रिणींचा घोळका जमवून नांदूर मध्यमेश्वरला जायच्या, एका हातात दुर्बीण आणि दुसऱ्या हातात भडंगाची पुडी.

तर इथे वसंतात साउथ आयलंडच्या तळ्यांवर ग्रीब पक्ष्यांचा नाच बघायला गाइड घेऊन जातात, हे त्यांना कुठूनसं कळलं. ग्रीब म्हणजे आपल्या टिबुकलीची थोरली बहीण म्हणा ना — डोक्यावर दोन काळ्या शेंड्या, मानेभोवती तांबूस झालर. नर-मादी पाण्यावर समोरासमोर येऊन नाचतात. झालं! आईंनी ध्यास घेतला. चहात साखर घालता घालता ग्रीब, पोळ्या लाटता लाटता ग्रीब. शेवटी नवरा म्हणाला, मला रजा नाही, लेकीला मी सांभाळतो, तुम्ही दोघी जाऊन या. म्हणजे सहल त्यांची होती. मी नुसती सोबतीला — हे लक्षात असू द्या.

आणि खरं सांगू? मजा आली हो! क्राइस्टचर्चहून अंधार असतानाच व्हॅन निघाली. गाइड ब्रूस गाडी चालवत होता, मागे दोन गोरी जोडपी आणि आम्ही दोघी. आई पातळावर मुलाचं जाकीट चढवून, पायात बूट, डोक्याला माकडटोपी अशा थाटात. विमानतळावर शिकलेलं ‘किया ओरा’, म्हणजे इथला माओरी नमस्कार, त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं, मोठ्याने म्हटलं. उजाडलं तसे दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर दिसायला लागले आणि आई काचेला नाक लावून ओरडल्या, “अगं बघ, बघ, टिटवीसारखं काहीतरी!” मग साऱ्या गाडीला ‘टिटवी’ म्हणायला शिकवलं. गोरे हसले. कौतुकाने हसले की कसे — ते मी त्यांना विचारलं नाही. माझं मीच ठरवून टाकलं.

गाडी थांबली. ब्रूसने समजावलं. इथून अर्धा तास दलदलीच्या कडेने चालायचं, मग कापडी आडोशामागे बसायचं, अगदी गप्प. त्याचे उच्चार आईंच्या डोक्यावरून जात होते, त्या माझ्याकडे बघत होत्या. मग तो मला म्हणाला, “Will she be right with the walk? We’ll go slow. I’ve brought a stick for her.” खरोखरच काठी आणली होती त्याने.

आता सांगते.

मी ब्रूसला इंग्रजीत सांगितलं की त्यांचे गुडघे फार दुखतात, त्या गाडीतच थांबते म्हणतायत. आणि वळून आईंना मराठीत सांगितलं की वयस्कर माणसांना पुढे नेत नाहीत, इथला नियम आहे.

दोन वाक्यं. दोन्ही खोटी. आईंचे गुडघे? नाशिकला त्या रोज पहाटे गंगापूर रोडने अशा झपाझप चालायच्या की त्यांच्याबरोबर जायचं टाळायला मी कारणं शोधायची. आणि मी कोण? फार्मसीतली मी. आपल्याकडच्या आजी-आजोबांना गोळी जेवणाआधी की नंतर, हे मराठीत-हिंदीत तीन-तीनदा सांगणारी, एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देणारी. तीच मी तिथे दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि दोघांना हवं ते सांगितलं. नाही — मला हवं ते सांगितलं.

का? पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला बजावत आले की आई गप्प बसल्या नसत्या, पक्षी उडाले असते, सगळ्यांची सकाळ वाया गेली असती. किती समजूतदार कारण! पण ते खरं नव्हतं. मला त्यांची लाज वाटत होती. त्या माकडटोपीची, त्या ‘किया ओरा’ची, त्या मोठ्या आवाजाची. त्या गोऱ्या माणसांत तासभर मला कुणाची सून व्हायचं नव्हतं.

आईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाल्या, “नियम म्हणजे नियम.” गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली, माझा मफलर नीट केला. “माझ्या वाटचंही तूच बघ.”

यानंतर तरी मी थांबायला हवं होतं, नाही? मी चालायला लागले. भरभर.

आणि मग तो नाच! तळं काचेसारखं स्थिर, त्यात अख्खा डोंगर उलटा. दोन ग्रीब समोरासमोर आले. झालरी फुलवल्या आणि माना हलवायला लागले — हा इकडे, ती तिकडे, जणू लग्न ठरवताना ‘नाही नाही, तुम्हीच आधी’ चाललंय. मग एकदम दोघांनी बुडी मारली. पाणी शांत. कुणी श्वास घेईना. आणि वर आले ते चोचीत पाणवनस्पती घेऊन! एकमेकांकडे धावले, छातीला छाती भिडवली आणि पाण्यावर ताठ उभे राहिले, खाली पाय सपासप मारत, मानेला हिसडे देत. “अगंबाई!” मी ओरडले. चांगली मोठ्याने ओरडले. कुणी डोळे वटारले नाहीत. शेजारची बाई खुदकन हसली आणि तिने माझा हात दाबला. ब्रूसने अंगठा वर केला. आणि पक्ष्यांनी? ढुंकूनही बघितलं नाही. ते आपल्याच नादात पुन्हा नाचले.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी खूश मी त्या देशात तोवर कधीच झाले नव्हते. आणि त्या सगळ्या वेळात, आईंचीच दुर्बीण डोळ्यांना लावून, मला आईंची एकदाही आठवण झाली नाही.

परतलो तर आई गाडीत मजेत. काच पुसून पुसून त्यांनी जांभळी पाणकोंबडी शोधली होती. आपल्याकडचीच, इथे सासरी आलीय, म्हणाल्या. मग डोळे मोठे करून विचारलं, “नाचले?”

“नाही हो आई,” मी म्हटलं. “आलेच नाहीत. बरं झालं तुम्ही थंडीत आला नाहीत.”

हे का बोलले? नाचले म्हटलं असतं तर त्यांना हळहळ वाटली असती — हे एक. आणि माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट बघू नये — हे दुसरं, आणि हेच खरं.

गाडीत तर आनंदीआनंद. चौघं एकदम बोलतायत, हात हलवून नाच करून दाखवतायत. आई विचारतात, काय म्हणतायत गं? मी सांगते, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ म्हणतायत. आईंना भरून आलं. “बिचारे! एवढ्या थंडीत जाऊन हात हलवत आले, तरी बघ कसे हसतायत.” त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि प्रत्येकाला बेसनाचा लाडू दिला, सांत्वनाचा. गोऱ्यांना वाटलं, आनंदाचे पेढे. एका बाईने तर आईंना मिठी मारली, “Best morning ever!” आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि पुटपुटत होत्या, “असू दे, असू दे, पुढच्या वर्षी दिसतील.”

मलाही लाडू मिळाला. इतरांना एकेक, मला दोन. मी दोन्ही खाल्ले. उत्तम झाले होते.

आई आज नाशिकला आहेत. आता गुडघे खरंच दुखतात, प्रवास झेपत नाही. इथे सप्टेंबर लागला की त्यांना हमखास आठवण होते. यंदा तरी जा म्हणतात. माझं वय झालं गं, माझं काही नाही, पण तुझं बघायचं राहिलं याची मला रुखरुख आहे, असं म्हणतात.

परवाच्या रविवारी पुन्हा म्हणाल्या. मी म्हटलं, “हो ना आई, राहिलंच बघा.” फोन कानाला होता आणि डोळ्यांसमोर ते दोघे पाण्यावर ताठ उभे होते, छातीला छाती लावून. मला हसू आलं.