पुलावर न चढणारी गाडी

लेक बाळंतपणाला आमच्याकडे आली, तेव्हा मी सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं की दवाखान्यात तिला माझ्याच गाडीतून न्यायचं. रिक्षा नाही, फोनवरून मागवलेली टॅक्सी नाही. आम्ही वसईच्या पूर्वेला राहतो, दवाखाना पश्चिमेला आणि मध्ये रेल्वेवरचा पूल. जेमतेम वीस मिनिटांचा रस्ता. गाडी सोळा वर्षांची, पण याच गाडीतून लेकीला बारावीच्या परीक्षेला नेलं होतं आणि याच गाडीतून तिची पाठवणी केली होती. हे बोलताना मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

मग जुलैत सोसायटीत पाणी भरलं. आमच्याकडे ते बहुतेक दरवर्षी भरतं आणि लोक गाड्या पुलावर नेऊन लावतात. मी गेलो तोवर पुलावर सायकल लावायलाही जागा उरली नव्हती. गाडी परत आणली, जिन्याजवळच्या उंचवट्यावर चढवली, सायलेन्सरमध्ये पाणी शिरू नये म्हणून घाईघाईत त्याचा बंदोबस्त केला आणि वरून प्लास्टिकची पिशवी करकचून बांधली. चार दिवसांनी पाणी उतरलं. शनिवारी जावई आले, त्यांनी आपण होऊन पिशवी सोडली, गाडी धुतली. रविवारी लेकीला केळी खावीशी वाटली म्हणून ते गाडी घेऊन नंदाखालला गेले आणि परतले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"बाबा, गाडी ओढत नाहीये. आणि निघताना चालू व्हायलाही खूप वेळ लागला."

माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं की यांनीच काहीतरी करून ठेवलंय. क्लचवर पाय ठेवून चालवणारा माणूस, मी आधीच ओळखून होतो. तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी किल्ली टीव्हीशेजारच्या वाटीत ठेवली आणि त्यानंतर गाडीला हात लावला नाही. लेक मात्र माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन पडेना. सकाळी चहाच्या आधी खाली जायचं, सेल्फ मारायचा. घर्र घर्र करत चार-पाचदा नुसती फिरायची, मग धडपडत चालू व्हायची, पाय काढला की बंद. कधी चालू राहिलीच तर रस्त्यावर दुसऱ्या गिअरपर्यंत ठीक, तिसऱ्यात टाकली की दम तुटायचा. पुलाचा चढ अर्धाही चढत नव्हती. मागून हॉर्नचा गजर आणि मी घामाघूम.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली. बदलली. दुसऱ्याने प्लग बदलले, एअर फिल्टर नवा टाकला. तिसरा म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी गेलंय, टाकी उतरवून साफ केली. प्रत्येकाकडून निघताना मला वाटायचं की आता झालं, आणि पुलाशी आल्यावर तीच गत. घरी बायको म्हणायची, "टॅक्सी सांगून ठेवू या ना." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. बोलून बसलो होतो ना.

तिचंही तेव्हा वेगळंच चाललं होतं. माझ्या आईचं एक नऊवारी लुगडं तिने जपून ठेवलं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. बाळासाठी त्याची आठ दुपटी फाडली होती आणि त्यातलं एक सापडत नव्हतं. कपाट, माळा, दोरीवरचे कपडे, शेजारणीची बाल्कनीसुद्धा तिने पालथी घातली. "काठाचं होतं हो ते," असं पुन्हा पुन्हा म्हणायची. मी वैतागून म्हणालो, "सात आहेत ना? बाळ काय मोजायला बसणार आहे?"

नववा महिना लागला तसं कोणीतरी चांदीपच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव सुचवलं. तो गावातली शेती सांभाळून गाड्या बघतो. त्याने बॉनेट उघडलंच नाही. मला म्हणाला, "काका, बसा आत, चालू करा." पाचव्या खेपेला इंजिन चालू झालं. तो मागे गेला आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून उभा राहिला.

"तुमच्या हितं पानी भरतं?"

"भरतं की."

"मग यात काय कोंबलंवतं?"

"पिशवी बांधली होती. जावयांनी सोडली ती."

"पिशवी न्हाय. आत. हिला श्वासच न्हाय घेता येत. सगळे बॅटरी बघतात, मागं कोन बघतं?"

त्याने एक जाड तार वाकवून आत घातली आणि बराच वेळ खटपट केली. तारेबरोबर एक काळा बोळा बाहेर आला, चिखलाने घट्ट झालेला. त्याने तो जमिनीवर पसरला. काजळीतून एका कडेला हिरवा काठ दिसत होता.

तेव्हा सगळं आठवलं. वीज गेलेली, पाणी पायरीला लागलेलं, मी दोरीवरून हाताला लागलं ते फडकं ओढलं आणि झाडूच्या दांड्याने आत, जाईल तितकं आत ढकललं. मग त्यावर पिशवी. पिशवी सुटली आणि फडकं माझ्या डोक्यातून साफ गेलं. मला इतकी लाज वाटली की मेकॅनिककडे बघवेना.

बायकोने ते दुपटं बघितलं आणि बादलीत भिजत घातलं. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जावयांना फोन करायचा म्हणत मी चार दिवस काढले आणि तरीही केला नाही. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, ते घरात असतानाच लेकीच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी वाटीतली किल्ली उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही चालवा."

त्यांनी किल्ली घेतली. मी त्यांच्या शेजारी, मागे लेक आणि बायको. गाडी पुलाला लागली, तिसऱ्यात टाकली, आणि कुरकुर न करता चढली.

"ते फडकं मीच कोंबलं होतं," मी म्हणालो. "तुमची काही चूक नव्हती. उगाच बोललो मी तुम्हाला."

मागून लेक कळ सोसत ओरडली, "बाबा, हे आत्ता सांगायचंय का?" जावई हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

त्यांना आत सोडून मी गाडी लावायला गेलो आणि तिथेच बसून राहिलो. हात स्वस्थ बसेनात. किल्ली फिरवली, पहिल्याच फटक्यात चालू. बंद केली, पुन्हा चालू. रखवालदार दोनदा येऊन बघून गेला. कितीदा केलं ते आठवत नाही. शेवटी कोणीतरी काचेवर टकटक केली. मी काच खाली केली. जावई होते, डोळे लाल झालेले.

"मुलगी झाली, बाबा. दोघी छान आहेत." मग त्यांनी खिडकीतून हात आत घालून किल्ली फिरवली. "आता बंद ठेवा ही. आईंनी पिशवी मागितलीय, दुपट्यांची."

पिशवी मागच्या सीटवर होती. मी ती उघडून बघितली. आठ होती. आठव्यावर अजून थोडा करडा डाग होता.