आबांचा उघडा माळ

"बसा आधी," आबा म्हणायचे, आणि माणूस बसेपर्यंत पुढचा शब्द काढायचे नाहीत. पाहुणा असो की तलाठी, त्यांच्या माळावर आला की त्याला मातीत बसावं लागे. चार मिनिटं गप्प बसवून मग विचारायचे, "काय दिसलं?" काहीच नाही म्हणणाऱ्याला आणखी चार मिनिटं. एक विमा एजंट सकाळी बसला तो संध्याकाळी उठला, असं मी सांगत असतो. तुम्ही निम्मं धरा.

चाकणला कारखान्यांच्या मागे, दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये आबांचा पाच एकर माळ. आजूबाजूला गोदामंच गोदामं, इथे मात्र नुसतं गवत. मी त्याच पट्ट्यात सुपरवायझर, आणि रविवारी झाडं लावत हिंडणाऱ्या आमच्या गटाचा स्वयंघोषित सेनापती. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांतले चाळीसेक लोक, नव्या टोप्या, नवी फावडी. मोकळी जमीन दिसली की आमचे हात शिवशिवत.

आबांनी माळाच्या कामाला बोलावलं. काम म्हणजे झाडं लावणं, यात शंका कसली? ते पोचायच्या आत आम्ही साठ खड्डे काढले. जेसीबीवाल्यानं पाहिलं असतं तर धंदा सोडून गावी गेला असता.

आबा आले, खड्डे पाहिले. "बसा आधी."

बसलो. चौथ्या मिनिटाला माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर चार खडे दिसले. खडे कसले, माळटिटवीची अंडी. पुढचं फावडं मी तिथेच मारणार होतो.

"झाड न्हाई म्हणून माळ उघडा वाटतोय व्हय तुमाला?" आबा म्हणाले. "हितला मालक गवात. त्येच्यावर सावली धरली की त्ये मरतंय. मग टिटवी, चंडोल, ससं, समदी गेली. बुजवा."

बुजवायला काढण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. त्यानंतर आमचे रविवार घाणेरीची माजलेली झुडपं उपटण्यात आणि गवताचं बी गोळा करून टक्कल पडलेल्या जागी पेरण्यात जाऊ लागले.

तेवढ्यात डंपर सुरू झाले. रस्त्याच्या बाजूनं येऊन राडारोडा ओतायचे आणि पसार व्हायचे. एका पावसाळ्यात अर्धा एकर गवत सिमेंटच्या तुकड्यांखाली गेलं. असंच चाललं असतं तर दोन वर्षांत माळाचा उकिरडा झाला असता. शेजारच्या कंपनीचे साहेब तोडगा घेऊन आले: तारेचं कुंपण आम्ही घालतो, आत हजार झाडं लावू द्या. पाटी लागेल, फोटो निघेल.

मी आबांच्या कानाशी लागलो. "घ्या आबा. डंपर तरी थांबतील."

"माळ देऊन कुंपण घ्यायचं, मग राखायचं काय? तार?"

आबांनी साहेबांना पाणी दिलं, गाडीपर्यंत पोचवलं आणि मग ते आमच्याकडे वळले. "खड्डे काढायची लई हौस ना? चला रस्त्याच्या कडंला."

पाच रविवार आम्ही चर खणला. खोली कमरेएवढी, कंपनीत मी गळ्याएवढी सांगतो. आठवड्याच्या आत एका डंपरचं पुढचं चाक त्यात उतरलं. आबांनी ड्रायव्हरला चहा पाजला, बिस्किटं दिली, आणि म्हणाले, "क्रेन यीस्तवर रिकामा बसू नगंस, भावा. आधीचं टाकल्यालं गोळा कर." त्यानं केलं. जाताना पायाही पडला, आणि यातलं मी काहीही वाढवलेलं नाही.

गेल्या भाद्रपदात आबा झोपेतच गेले.

तेराव्याला माळासमोरच्या त्यांच्या घरी अख्खा पट्टा लोटला. गाड्या लावायला जागा उरली नाही. भावकीतल्या एकानं चरावर टाकायला लोखंडी पत्रे काढले. "एका दिसाचा तर प्रश्न हाय काकी. माळावर लावू गाड्या."

आबांच्या मंडळी घरातून उठून आल्या आणि पत्र्यांसमोर उभ्या राहिल्या. तोवर मी त्यांना कुणाशी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"गवात फुलोऱ्यात हाय," त्या म्हणाल्या. "गाड्या रस्त्याला लावा. ज्येला यायचंय त्यो चालत यील."

रांग पार हायवेपर्यंत गेली. पुढारी चालत आले, बिल्डर चालत आले, ते कंपनीचे साहेबही चालत आले, बूट चिखलानं भरलेले. चरापलीकडे गवताला तुरे आले होते, आणि वारा सुटला की पाचही एकर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत होते.