अठराव्या खिशातली चिठ्ठी

मार्थावहिनी गेली त्याच्या चार दिवस आधी मी तिला भेटायला उल्हासनगरच्या दवाखान्यात गेले होते. तिला बोलायला दम लागत होता, म्हणून मीच काहीबाही बोलत बसले होते. नळाला पाणी कमी येतंय, आमच्या बेलवलीत नवीन इमारती उठतायत, असलं काहीतरी. मध्येच तिने डोळे उघडले आणि विचारलं, "यंदा कोणतं गाणं म्हणणार गं?" उशाशी बसलेली तिची मुलगी अंजू हसली. आत्याची गाणी आईला पाठ झाली आहेत, असं म्हणाली. मीही हसले. मग पाणी आणायचं निमित्त करून बाहेर आले आणि नळापाशी बराच वेळ उभी राहिले. त्या प्रश्नात काय होतं ते जगात दोघींनाच माहीत होतं. आज सहा आठवडे झाले, आता एकटीलाच माहीत आहे.

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. ती नगरकडची, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, डी.एड. झालेली. दादाशी लग्न ठरताना तिने एकच गोष्ट विचारून घेतली होती, की मी नोकरी केली तर चालेल ना. आमच्या आईनेच हसून "चालेल की" म्हटलं होतं. नंतर अंजू झाली, विनू झाला, आणि विनू रांगायला लागला त्याच सुमारास आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला तो डावा हात. त्या हातात आई एक चमचा धरून असे आणि काही हवं झालं की खाटेच्या लोखंडी दांडीवर ठक ठक वाजवत असे. अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांना खिडकी एकच, आणि तिच्यातून दिसायची एका कंपनीच्या कंपाउंडची भिंत. वहिनी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तरी दहा मिनिटांत परत यायची. दादा कामावर, मी एका केमिकल कंपनीत पॅकिंगला, पहिली पाळी. आमचं सगळ्यांचं बाहेर जाणं त्या एका बाईच्या घरी असण्यावर चाललं होतं. हे तेव्हा कुणी बोलून दाखवत नसे. मी तर नाहीच.

घरबसल्या काम म्हणून ती उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्याचे खिसे शिवायची. पँटच्या मागच्या खिशावर पिवळ्या दोऱ्याची जी नक्षी असते, ती. एक माणूस सायकलवरून गठ्ठे आणून टाकायचा आणि शिवलेले घेऊन जायचा. नक्षीच्या दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की माल परत यायचा. एकदा तो म्हणाला, "भाभी, ये रिजेक्ट है, सेठ लेगा नहीं. आप ही रख लो." वहिनीने रागाने ते खिसे मशिनखाली ढकलले. पण नोव्हेंबर संपता संपता एके दुपारी मी कामावरून आले, तर ती आईच्या खाटेशेजारी जमिनीवर बसलेली, मांडीवर आईच्या गादीची जुनी पट्ट्यापट्ट्यांची खोळ, आणि दाभण घेऊन ते खिसे एकेक करून तिच्यावर टाचत होती. जाड शिवणीवर मशिनच्या दोन सुया मोडल्या होत्या, म्हणून हाताने. चार ओळी, ओळीत सहा. वर पिवळ्या दोऱ्याने एक ते चोवीस आकडे.

बोर्डिंगात मॅडमच्या खोलीत म्हणे परदेशातून आलेलं एक पुठ्ठ्याचं कॅलेंडर असायचं. त्याला छोट्या छोट्या खिडक्या. एक डिसेंबरपासून नाताळपर्यंत रोज एक उघडायची, आत चित्र. मुलींनी ते लांबून बघायचं. "मला कधी खिडकी उघडायला मिळाली नाही," ती दोरा दाताने तोडत म्हणाली, "आणि खिडक्या काही शिवता येत नाहीत. खिसे येतात."

मग रोज संध्याकाळची प्रार्थना झाली की एक खिसा. कधी बोरं, कधी लिमलेटच्या गोळ्या, कधी गोटी, आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत कुणाचं तरी नाव आणि एक काम. विनूने आजीचे पाय चेपावेत. बाबांनी उद्या चहा करावा. अंजू वाचायला शिकली होती, ती ठणकावून वाचायची. नियम एकच आणि तो वहिनीने पहिल्याच दिवशी सांगितला होता, चिठ्ठीला नाही म्हणायचं नाही. दादासारखा माणूस, ज्याने जन्मात चहा केला नव्हता, त्याने त्या नियमापायी चहा केला. भयंकर झाला होता, पण आईने तो घोटघोट घेतला. डिसेंबरचे ते चोवीस दिवस आमचं घर बरं असायचं.

कॅलेंडरच्या तिसऱ्या वर्षी, नाताळाआधी बदलापूरच्या एका शाळेतून तिला निरोप आला. जानेवारीपासून एक जागा रिकामी होणार होती, शाळा सकाळची. तिने दादाला विचारलं. दादाने वर्तमानपत्रातून डोकं न काढता आईचं कोण बघणार, असं विचारलं आणि विषय संपवला. मी तिथेच वेणी घालत बसले होते. उत्तर त्या खोलीतच होतं, हे मला कळत होतं. मी दुपारची पाळी मागून घेतली असती, की झालं असतं. मी वेणीचा पेड घट्ट केला आणि उठून गेले.

पंधरा-सोळा तारखेला मी गोळी चोरायला म्हणून अजून न उघडलेल्या खिशांत हात घातला. चोविसाव्या वर्षीही मला ती सवय होती. अठराव्या खिशात गोळी नव्हती, चिठ्ठी होती. वहिनीचं गोल, शिक्षिकेचं अक्षर. "सुनंदाने दुपारची पाळी घ्यावी. सकाळी साडेसात ते साडेबारा आईंजवळ बसावं. मला शाळेत जायचं आहे."

सुनंदा म्हणजे मी. राग आला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण तो राग नव्हता, भीती होती. त्या खाटेपाशी एकदा बसले की मला कुणी उठू देणार नाही, हे मी तीन वर्षं डोळ्यांनी बघत होते. माझं लग्न व्हायचं होतं. कुणा एकीला त्या खोलीत राहणं भाग होतं, आणि ती मी नसावी एवढंच मला हवं होतं. चिठ्ठी मी डब्याच्या पिशवीत टाकली आणि कामावर जाताना गटारात फेकली. तिच्या जागी दुसरी ठेवली. हाताशी कंपनीतली खोक्यांवर खुणा करायची लाल पेन्सिल होती, तिनेच लिहिलं... "आत्याने गाणं म्हणावं."

अठरा तारखेला अंजूने खिशात हात घातला. चिठ्ठी बाहेर आली तेव्हाच वहिनीला तो लाल रंग दिसला. घरात ती पेन्सिल कुणाची, हे सांगायला नको होतं. अंजूने वाचलं, विनूने टाळ्या पिटल्या. वहिनी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता ती बोलेल. ती म्हणाली, "म्हण ना. चिठ्ठीला नाही म्हणायचं नाही." मी नाताळचं एक गाणं म्हटलं, तीनही कडवी. मधल्या कडव्याला आईने चमचा वाजवायला सुरुवात केली आणि वहिनी उठून तिच्याकडे गेली.

तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. शाळेची जागा भरली गेली. दोन वर्षांनी मी लग्न होऊन बेलवलीला आले. आई त्यानंतर सात वर्षं जगली. ती गेल्यावर वहिनीने दोन-तीन शाळांत अर्ज केले, पण वय बसत नव्हतं. माझ्याशी ती शेवटपर्यंत चांगलीच वागली. माझ्या बाळंतपणात लाडू तिचेच. फक्त दर डिसेंबरात निरोप यायचा, अठराला ये. मी जायची. बाकीच्या चिठ्ठ्या ती दरवर्षी नव्या लिहायची, अठराव्या खिशातून मात्र तीच लाल अक्षरातली निघायची, आणि मी गायची. एकदाही नाही म्हणता आलं नाही.

गेल्या आठवड्यात अंजूने ते कॅलेंडर आणून दिलं. आईने सांगितलं होतं म्हणे, आत्याला दे. खोळीचा रंग पार उडालाय, खिसे मात्र अजून घट्ट आहेत. अठराव्यात ती चिठ्ठी होती, घड्यांवर चिकटपट्टी लावून जपलेली. "आत्या, ही एकच का ठेवली असेल आईने?" अंजूने विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत... अंजू, मला माहीत होतं. तोंडाने सांगवलं नाही, म्हणून हे लिहिलं.

कॅलेंडर मी आतल्या दाराशेजारच्या खिळ्याला टांगलंय. लाल चिठ्ठी काढून अंजूसाठी पाकिटात ठेवली आहे. आणि जी फेकली होती ती आठवून, शब्दाला शब्द, निळ्या शाईने पुन्हा लिहून अठराव्या खिशात घातली आहे. आमची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली. सकाळी साडेसात ते साडेबारा मी घरीच असते.