सफेद्याखालचं अक्षर

खाजा मियांविषयी तुला काय माहीत आहे, असं कुणी विचारलं असतं तर संतरामला मान खाली घालावी लागली असती. कुरुंद्याच्या बाजारात त्यांचं पाइप-फिटिंगचं दुकान होतं, उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते चहा बिनसाखरेचा प्यायचे. एवढंच. घरी कोण कोण आहे, हेसुद्धा त्याला त्यांच्या मयतीला गेल्यावर कळलं. वीस वर्षं त्यानं मियांकडून सामान घेतलं आणि वीस वर्षं त्यांच्यावर संशय घेतला.

संशयाचं मूळ त्यांच्या फुंकरीत होतं. कुठलाही वॉल, म्हणजे पाइपावरचा व्हॉल्व्ह, गिऱ्हाइकाला देण्याआधी मिया तो तोंडाला लावून, डोळे मिटून फुंकायचे. मग बादलीत बुडवून पुन्हा फुंकायचे. कधी "हां" म्हणून तो पुढे करायचे, तर कधी काही न बोलता मागच्या डब्यात टाकून दुसरा काढायचे. चांगला माल मागच्या डब्यात जातो आणि आपल्या हातात उरलेला येतो, असं संतरामला कायम वाटायचं. पण विचारायची हिंमत कधी झाली नाही.

मिया गेले त्याआधीच्या दसऱ्यानंतर संतरामच्या वरच्या दीड एकरातली हळद कोमेजू लागली. विहीर खाली ओढ्याकाठी, आणि पाइप मधल्या मुरमाड उंचवट्यावरून पलीकडे जायचा. मोटार चालू केली की खालचं ठिबक छान टपकायचं, वरच्या नळ्या मात्र नुसत्या फुसफुसायच्या. संतरामनं वसमतहून अडीच इंची पितळी कॉक आणला. मोठा कॉक लावला की मोठं पाणी येणार, एवढा साधा विचार. तो बसवला, तरी वर थेंब चढला नाही.

"मोटारीत दम न्हाई का मालकातच न्हाई?" नर्मदाबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं. "त्या मियांला बोलवा की. पंधरा दिवसांत हळद हातची जाईल."

मिया जुन्या मोपेडवर आले. पाइपाला डावा कान लावत, पान्यानं ठकठक करत विहिरीपासून चालत निघाले आणि उंचवट्यावर थांबले.

"पाणी न्हाई अडलं, भाऊ. हवा अडली. इथं जाऊन बसली."

"म्हणून तर एवढा मोठा कॉक आणला."

"कॉक पाणी अडवतो, पाणी सोडतो. हवेला त्याचं काय? हवेचा वॉल येगळा. छोटा, पेरूएवढा."

"पेरूएवढ्यानं काय व्हणार? लावायचाच तर नारळाएवढा लावू."

मिया हसले. "पाइप केवढा, चढ किती, मोटार कशी ढकलते, ते बघून वॉल घ्यायचा असतो. ढेर मोठा लावला तर हवा भसकन सुटते, मागून पाणी येऊन आपटते, अन् पाइप फुटते. अन् मोटार बंद झाली की हाच वॉल हवा आत घेते. न्हाई तर ठिबकची भोकं चिखल वढतात. एक इथं लावू, एक वरच्या टोकाला."

हे पटण्यासारखं होतं. पण पुढचं वाक्य काही पटलं नाही.

"हा मोठा कॉक मला द्या. बदल्यात दोन छोटे आणतो. पैसे नको."

पैसे नको म्हणणारा दुकानदार संतरामनं आजवर पाहिला नव्हता. कॉक देण्याआधी त्यानं मियांची पाठ वळल्याचं बघून दांड्याच्या खालच्या बाजूला कानशीनं एक खाच पाडून ठेवली. कुठं जातो ते बघूच.

दुसऱ्या दिवशी मियांनी दोन्ही वॉल बसवले. जोडातून पाणी गळू नये म्हणून आट्यांना धागा गुंडाळून वर सफेदा, म्हणजे ती पांढरी चिकट लुकण, लावतात. ती मियांनी आट्यांनाच नाही, वॉलच्या पोटावरही थापली.

"एवढा सफेदा काहून, मिया?"

"गळू नाही म्हणून."

"पोटातून कुठं गळते?"

मियांनी उजवा कान त्याच्याकडे केला आणि मोटार चालू करायला सांगितलं. उंचवट्यावरचा वॉल सुसाट शिट्टी वाजवत राहिला, मग एक गुळणी टाकून गप्प झाला. वरच्या टोकाला ठिबक टपकू लागलं. आठवड्यात हळदीनं मान वर काढली.

हळद सावरली, पण संतरामला चैन पडेना. त्या दिवसांत शिवारातून वायरी, कॉक, फिल्टर चोरीला जात होते. म्हणून जो तो आपल्या सामानावर ऑइलपेंटनं नावाचं पहिलं अक्षर काढून ठेवायचा. एका दुपारी संतराम उंचवट्यावर बसला आणि वॉलच्या पोटावरचा वाळलेला सफेदा नखानं खरवडू लागला. खाली लाल रंग दिसला. आणखी खरवडलं. अक्षर निघालं: भी.

भी म्हणजे भीमराज, शेजारच्या रानातला संतरामचा चुलतभाऊ. बांधावरून वाद झाल्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं, की लग्नकार्यात एका पंगतीला बसणं नव्हतं. त्याचा चोरीला गेलेला माल आपल्या रानात! भीमराजनं हे पाहिलं तर तो थेट चौकीत जाणार, आणि मियांनी दिला म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? मिया चोरीचा माल विकतात, हे आपण वीस वर्षं ओळखायला हवं होतं. तो तसाच उठला आणि भीमराजच्या इथून आणखी काय गेलंय ते पाहायला बांधावर जाऊन उभा राहिला.

"काय, बांध मोजून राहिला का?" भीमराज ऊस बाजूला सारत पुढे आला. अकरा वर्षांनंतरचे त्याचे पहिले शब्द.

संतराम गडबडला. "न्हाई. कॉक पाहून राहिलो."

बांधाला लागूनच भीमराजच्या पाइपावर मोठा पितळी कॉक चमकत होता.

"ह्यो? मियांनी लावला. एका एजंटानं हवेचे दोन वॉल माझ्या गळ्यात मारले व्हते. माझं रान सपाट, मी हवेला काय करू? मियांनी ते नेले, ह्यो दिला. कुणाचा व्हता कोण जाणे. पण आता पाणी बघ, कसं भडाभड येते."

संतराम वाकला. दांड्याखाली कानशीची खाच होती.

हा कॉक संतरामचा आहे, असं कळलं असतं तर भीमराजनं तो तिथल्या तिथं उपटून बांधापलीकडे फेकला असता आणि आपले दोन वॉल मागितले असते. मग वरची हळद गेली असती. आणि खरं सांगायचं तर, ते वॉल भीमराजचे आहेत हे आधी कळलं असतं, तर संतरामनंही लावू दिले नसते.

"चांगला हाय," तो म्हणाला.

"तुला काहून एवढी पंचाईत?"

"सहजच."

मियांनी हे मुद्दाम केलं, की मागच्या डब्यासारखा इकडचा माल तिकडे केला, हे संतरामला आजही नक्की ठाऊक नाही. हळद शिजवून झाली की निवांत विचारू, असं त्यानं ठरवलं होतं. पण हळद काढायच्या आधीच मिया गेले.

त्याआधी एकदाच तो दुकानात गेला. बांधावरच्या त्या भेटीनंतर, दुसऱ्याच दिवशी.

"सफेद्याची एक डबी द्या."

मिया वॉल फुंकता फुंकता थांबले. "गळून राहिला काय?"

"न्हाई. पोटावरचा थोडा निघाला व्हता."

मियांनी हातातला वॉल खाली ठेवला आणि डबी पुढे केली.

"वर पाणी चढून राहिलं ना?"

"चढून राहिलं."

"हवा बराबर निघते?"

"निघते."

"मंग झालं. या."