मीरासाहेबानं चाखल्याशिवाय नाही

चॉकलेट बिघडलं की मालक यंत्राकडे बोट दाखवतो, यंत्रवाला कोकोच्या बियांकडे, आणि बिया बिचाऱ्या बोलत नाहीत. चिंचवडच्या त्या छोट्या कारखान्यात मात्र बिया भाजायला मीरासाहेब होता. थेरगावहून पायी यायचा. त्यानं चाखल्याशिवाय एक पेटी दाराबाहेर जात नसे. हा नियम त्याचाच. लोक त्याला हेकट म्हणत, आणि होताच तो.

सत्तावन्न सालचा एप्रिल, त्यात रमजान. रोजे असले की तो नुसत्या वासावर भाजायचा आणि माल संध्याकाळी चाखायचा. त्या दिवशी लष्कराच्या कँटीनची पहिलीच ऑर्डर होती आणि मोटार चार वाजताच दारात येऊन उभी राहिली.

"अंबूबाईनं खाऊन बघितलंय, झकास आहे म्हणते," मॅनेजर यशवंतराव म्हणाले. अंबूबाई पाकिटं बांधायची.

"अंबूबाईला गोड ते समदं झकास. दिस मावळंस्तवर थांबा."

"ऑर्डर हातची गेली तर मालक तुला काढतील. मी मध्ये पडणार नाही."

"काढू द्या," म्हणत तो पेट्यांवरच बसला.

दिवस मावळला. मीरासाहेबानं रोजा खजुराऐवजी चॉकलेटच्या तुकड्यानं सोडला. गोडाच्या मागून बारीक कडवट चव आली, आणि त्याला परवाची दुपार आठवली. भट्टीपुढे डोळ्यांवर अंधारी आली होती, हात घटकाभर थांबला होता. कुणी पाहिलं नव्हतं. गिळून टाकावं आणि गप्प बसावं, असं त्याला खरंच वाटलं. घरी खाणारी सहा तोंडं होती.

"करपलंय," तो म्हणाला.

यशवंतरावांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. "मला तर काही लागत नाही."

"मला लागतंय न्हवं."

मोटार रिकामी गेली. यशवंतरावांनी चडफडत रजिस्टर उघडलं, पण त्याचा सुकलेला चेहरा बघून नरमले. "भट्टीत बिघाड, असं लिहितो. निभावून जाईल."

"भट्टी चांगली हाय. माझे डोळे फिरले, बिया उशिरा काढल्या. माझं नाव लिवा. आन उद्याची भट्टी दुसऱ्याला देऊ नका, पहाटंची सहेरी खाऊन मीच येतो."

यशवंतरावांनी नाव लिहिलं. मीरासाहेबाला वाचता येत नव्हतं. त्यानं ते त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, आणि मगच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.