लोखंडीची लेक

गल्लीत तिच्या आईला सगळे लोखंडी म्हणत. नव्वदी ओलांडली तरी दात शाबूत, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. मायलेकींनी जन्मभर गादीच्या कारखान्यात कापूस पिंजला. खोलीभर तूस उडायचं, पापण्यांवर बसायचं, पाण्याच्या भांड्यात तरंगायचं. लोखंडीला कधी साधी शिंक आली नाही. पोर खोकायला लागली तेव्हा मुकादम म्हणाला, हिला शिवणाच्या खोलीत बसवू. लोखंडी म्हणाली, "नको तिचे लाड. माझं पोर आहे ते. पडेल अंगवळणी." आणि तिला नेऊन यंत्राच्या तोंडाशीच बसवली.

अंगवळणी काही पडलं नाही. आता सत्तरीच्या लेकीला जिना चढवत नव्हता, आणि त्याच जिन्यानं आईच्या अंघोळीचं पाणी वर न्यावं लागत होतं. लग्न आईपायी राहिलं. एक गोष्ट तेवढी तिनं मनात धरून ठेवली होती: म्हातारी गेली की पलंग खिडकीपाशी ओढायचा आणि कुणाची हाक न ऐकता चार वर्षं जगायची. शेजारणी म्हणत, "लोखंडीची लेक तू, तुला काय धाड भरलीय." तिलाही ते खरंच वाटायचं.

म्हणून नव्वदी ओलांडलेल्या माणसांचं रक्त तपासणारी डॉक्टरीण आली, तेव्हा लेकीनं आपलाही दंड पुढे केला.

महिन्याभरानं डॉक्टरीण पुन्हा आली. "आजींची रोगाशी लढणारी जनुकं फार क्वचित दिसतात. आलेलं दुखणं परतवतात, आणि अंगात उगाच दाह माजू देत नाहीत."

"आणि माझ्यात?"

"आईकडून निम्मा वाटा येतो, मावशी. कुठला निम्मा, ते कुणाच्या हातात नसतं. हा तुमच्याकडे आला नाही. तुम्ही लहानपणापासून धुळीपासून लांब राहायला हवं होतं."

लेकीनं आईकडे पाहिलं. लोखंडी अभ्रा शिवत होती. तिनं दातानं दोरा तोडला.

"बापावर गेलीय. तोही असाच फुसका. किती दिवस काढेल ही?"

"आई, मी इथंच बसलेय."

"बस की. तुझ्या मागं माझं कोण करणार? एखादी बाई आत्ताच बघायला हवी. ही आहे तोवर तिला शिकवून तरी ठेवील."

बाई मिळाली. लेकीनं तिला कोपर बुडवून दाखवलं, पाणी एवढंच गरम लागतं. आतून लोखंडी म्हणाली, "बाईचा पलंग खिडकीपाशी लाव. तुझ्या खोकण्यानं झोप मोडायची तिची."

लेकीनं पलंगाचा पाय धरला. मधे दोनदा श्वास घ्यायला थांबली, पण खिडकीपाशी नेऊन लावला.