फोटोत मीही होतो

कारंज्यात लोक मला 'पेपरवाले' म्हणतात. सकाळी मी पेपरची एजन्सी चालवतो आणि दुपारी त्याच पेपरात बातम्या लिहितो. वाढदिवस, खड्डे, शाळेचं स्नेहसंमेलन, हरवलेली म्हैस. ती म्हैस माझ्या बातमीमुळे सापडली, हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की विषय निघाला की बायको उठून स्वयंपाकघरात जाते. ही गोष्ट मात्र घरात कुणाला अजून पुरती सांगितलेली नाही.

माझी मोठी बहीण धनजला दिलेली. तिचं थोरलं लेकरू मुलगा म्हणून वाढलं आणि बारावीनंतर घरातून निघून गेलं. दहाबारा वर्षांनी परत आलं ते साडीत, माझी भाची म्हणून. ट्रान्सजेंडर हा शब्द तोवर मी बातमीत लिहिला होता, तोंडाने कधी उच्चारला नव्हता. तिने कारंज्यात खोली घेतली, मशीन टाकली, ब्लाउज शिवायला लागली. ती कोण, हे बायांना दोन दिवसांत कळलं. पण बाहीला झोळ न येता ब्लाउज मिळतोय म्हटल्यावर त्यांनी तो विषय सोडून दिला.

धनजमध्ये मात्र थोरला सुरतला कंपनीत आहे, असं बहिणीने सांगून ठेवलेलं. बाजाराच्या दिवशी ती पिशवीत ब्लाउजपीस घालून एसटीने यायची आणि लेकीजवळ दोन तास बसायची. एवढ्या ब्लाउजांचं ही बाई करते काय, असं गावात कुणी विचारलं नाही, हे नशीब.

आमच्या पेपरात तृतीयपंथी यायचे ते एकाच मथळ्याखाली, 'धुडगूस'. तसली एक बातमी मीच स्टँडवरच्या टपरीवर बसून लिहिली होती. धुडगूस मी पाहिला नव्हता. टपरीवाल्यानेही नव्हता. मग वारं बदललं. पेपरच्या जिल्हा कार्यालयातून फोन आला, "तृतीयपंथीयांवर एखादी पॉझिटिव्ह स्टोरी पाठवा." मला तर ती घरातच मिळाली.

भाचीला विचारलं. तिने मशीन थांबवली. मग म्हणाली, "लिहा न मामाजी. पन शिवनाचं लिहा. फोटो काढाचा तं मशीनचा काढा. अन् गावाचं नाव नका टाकू. आईचं येनं बंद होईन."

"माह्यावर सोड," मी म्हटलं. "तीस वर्षं झाले मले या धंद्यात."

बातमी पाठवली तसा परत फोन. "आधीचा फोटो आहे का? आधी आणि आता, असं शेजारी लावू."

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण माझ्याकडे कात्रणांची फाईल आहे. दहावीत ती शाळेत पहिली आली होती, तेव्हा मीच सत्कार घडवून आणला होता. फोटोत एक लाजरा पोरगा, खांद्यावर शाल, हातात नारळ. आणि तो नारळ देणारा सफारीतला, काळ्याभोर केसांचा गृहस्थ म्हणजे मी. माझा इतका बरा फोटो त्याआधी निघाला नव्हता, त्यानंतरही नाही. पाठवायचाच होता तर निदान कापून पाठवायचा. मी अख्खा पाठवला. खालची ओळही जशीच्या तशी ठेवली. त्या ओळीत धनज होतं, भाचीचं जुनं नाव होतं, आणि शेवटी 'सत्कार करताना आमचे वार्ताहर'. बातमीत आपण गावाचं नाव टाकलं नाही, असं मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो.

बातमी छापून आली. मोबाइलवर दिवसभर अंगठे, जोडलेले हात, 'किती संवेदनशील लिहिलंत सर'. बायकोने पान उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, "तुमी मस्त दिसून राह्यले." मी ते कौतुक समजलो.

त्या बाजाराला बहीण आली नाही. पुढच्याही नाही.

"मामाजी, आई नाई आली," भाची मशीनवरून मान न उचलता म्हणाली. मी म्हटलं, खुलासा छापतो. ती म्हणाली, "आता काई छापू नका. बस."

मग मी धनजला गेलो. बहीण अंगणात तूर निवडत होती. तिच्याकडे मी वर्षानुवर्षं पेपर फुकट पाठवायचो. तो तिने बंद केला होता.

"टपरीवरचे पोट्टे इचारतेत," ती म्हणाली, "मावशी, सुरतची कंपनी बंद पडली का वो?"

"चुकलं माह्यं."

"मी सांगनार होती सगळ्याईले. माह्या तोंडानं, हयूहयू. पयले जावेले सांगतलं असतं, मंग बाकीच्याईले. तुले कोनं सांगतलं होतं?" सुपातला खडा तिने लांब फेकला. "अन् त्या फोटोत तू कायले होता?"

तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारतोय. मी खाली बसलो आणि तिच्या सुपातले खडे वेचू लागलो.

निघताना तिने जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. ब्लाउजपीस आणि मापाचं जुनं ब्लाउज. "देजो तिले."

भाचीने ते ब्लाउज उलटं करून पाहिलं. दोन्ही कुशींना हाताने टाके घालून ते आत घेतलेलं होतं. बराच वेळ ती त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. "बारीक झाली आई," म्हणाली. "शिवून ठेवते. पन तुमच्या हाती नाई देत. फिटिंग पाहाले तिलेच या लागन, असं सांगा."

मी धनजला जाऊन सांगितलं. बहीण सूप उचलून आत गेली.

पुढच्या बाजाराला मी सकाळपासून स्टँडवर. दुपारच्या गाडीतून ती उतरली. गावच्या माणसांनी भरलेली गाडी, आणि ही पुढच्या सीटवरून, डोक्यावर पदर, कुणाकडे न पाहता. पुढे ती, मागे पिशवी घेऊन मी. भाचीच्या दाराशी तिने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"तू भायेर थांब."

दार लागलं. मी ओट्याच्या कडेला उभा राहिलो. आत आधी मशीन चालू होती, मग तीही थांबली. रस्त्याने जाणारा एक ओळखीचा दुकानदार मला पाहून थबकला.

"काय पेपरवाले, इथं काई बातमी हाय का?"

"नाई," मी म्हटलं. "ब्लाउज टाकाले आलो."